बंदीचा बोर्ड आणि संध्याकाळी पाचचं बुलेटिन

गेल्या आठवड्यात आपल्या गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. बऱ्याच जणांनी बघितला असेल. एक माणूस पायात स्की घालून एव्हरेस्टच्या माथ्यावरून खाली येतोय, थेट बेस कॅम्पपर्यंत. पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर नाही. आंजेय बार्गिएल त्याचं नाव, पोलंडचा. गोष्ट २०२५ च्या सप्टेंबरातली. कृत्रिम ऑक्सिजन न वापरता माथ्यापासून बेस कॅम्पपर्यंत स्कीवरून उतरलेला तो पहिला माणूस.

खाली कॉमेंट काय? "यांना जीव नकोसा झालाय." "घरचं कोणी विचारत नाही वाटतं." आणि एकाने लिहिलं, "असल्यांवर गुन्हेच दाखल केले पाहिजेत." ह्या शेवटच्या कॉमेंटला सगळ्यात जास्त अंगठे पडले.

मलाही आधी तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण मग सवयीप्रमाणे त्या माणसाबद्दल वाचायला बसलो. हाच बार्गिएल २०१९ ला एव्हरेस्टवर स्की घेऊन गेला होता. खुंबूच्या हिमप्रपातावर बर्फाचा अवाढव्य कडा लोंबकळत होता, म्हणून परत आला. २०२२ ला पुन्हा गेला. वारा थांबेना, पुन्हा परत. के-२ चंही तेच. २०१७ ला माघारी फिरला, २०१८ ला उतरला. बरं, २०२५ ला माथा गाठल्यावर तरी? उतरता उतरता अंधार पडला, तर गडी कॅम्प दोनवर थांबला. रात्र तिथं काढली आणि सकाळी उजेडात, वरून ड्रोन उडवणाऱ्या भावाच्या मदतीनं वाट काढत हिमप्रपात उतरला.

आपल्या व्हिडिओत यातलं काहीच नव्हतं. परत फिरलेल्या माणसाचा व्हिडिओ कोण फॉरवर्ड करणार?

वाचता वाचता या खेळाच्या बाकीच्या गोष्टी कळल्या, आणि दर पावसाळ्यात आपल्या तालुक्यात जे चालतं ते डोळ्यासमोर आलं. म्हणून हा लांब मजकूर. चहा घेऊन बसा.

आधी हा खेळ काय ते सांगतो. स्कीइंग म्हटलं की आपल्याला सिनेमातलं गुलमर्ग आठवतं, नाहीतर मनालीजवळचं सोलांग. पाळण्यात बसून वर जायचं, घसरत खाली यायचं. स्की टूरिंग वेगळं. इथं पाळणा नाही. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची, आता मोहेर किंवा नायलॉनची असते. केस एका दिशेला असल्यामुळे स्की पुढं सरकते, मागं घसरत नाही. टाच मोकळी सोडायची आणि तीन, चार, पाच तास डोंगर चढायचा. वर गेल्यावर पट्टी सोलून काढायची, टाच घट्ट करायची आणि उतरायचं. पाच तासांची चढण, अर्ध्या तासाचा उतार.

त्यातला जो फार उभ्या उतारांचा प्रकार आहे तो म्हणजे स्टीप स्कीइंग. आपल्या घराचा जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. हे लोक ४५-५० अंशांवर आणि कधी त्याच्याही पुढं जातात. इतक्या उतारावर सरळ उभं राहून हात बाजूला पसरला तर डोंगराला टेकतो. तिथं पडलं तर थांबायला काही नाही. सिल्व्हां सोदां नावाच्या स्विस माणसानं १९६७ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीजवळची स्पेन्सर कुल्वार नावाची अशीच एक उभी घळ उतरून दाखवली आणि हा खेळ जगाला माहीत झाला. हाच सोदां १९७७ मध्ये आपल्या लडाखमधलं ७,१३५ मीटरचं नून शिखर स्कीवरून उतरला. १९८२ मध्ये काराकोरममधलं ८,००० मीटरवरचं हिडन पीक उतरला. २०२४ मध्ये वारला तेव्हा वय होतं ८७.

आल्प्समध्ये या खेळाचा खरा हंगाम वसंतातला. मार्चअखेर ते मे, म्हणजे आत्ता चालू आहे तो. कारण ऐकण्यासारखं आहे. हिवाळाभर पडलेला बर्फ वसंतात दिवसा उन्हानं वितळतो आणि रात्री आभाळ मोकळं असेल तर पुन्हा गोठतो. असं बरेच दिवस झालं की त्याचे जाड दाणे बनतात. पहाटे हा बर्फ फरशीसारखा कडक असतो. सकाळी ऊन लागल्यावर वरचा दोनेक सेंटीमीटरचा थर मऊ होतो आणि खालचा कडकच राहतो. उतरायला याच्याइतका चांगला बर्फ नाही. पण ही अवस्था टिकते तासभर, फार तर दोन तास. त्यानंतर ऊन खोलवर शिरतं, बर्फाचा चिखल होतो आणि दुपारी अख्खा उतार ओल्या मुरुमासारखा खाली येऊ शकतो.

म्हणून हे लोक पहाटे तीन-चारला निघतात. पूर्वेकडचे उतार आधी, मग दक्षिणेचे, पश्चिमेचे सगळ्यात शेवटी. ऊन जसं फिरतं तसं. दुपारच्या आत उताराखालून बाहेर. रात्री ढग राहिले असतील आणि बर्फ गोठलाच नसेल तर पहाटे दारातच कळतं, बूट आत रुततो. अशा दिवशी शहाणा माणूस बूट काढून परत झोपतो. सहा महिने पैसे साठवून आलेला असला तरी.

आता मुद्द्याचं. रात्री बर्फ गोठेल का, कुठल्या उंचीवर कुठल्या बाजूला काय परिस्थिती आहे, हे त्याला कोण सांगतं?

स्वित्झर्लंडमध्ये दावोस गावात बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था आहे, एसएलएफ. हिवाळ्यात ही संस्था रोज संध्याकाळी पाच वाजता एक बुलेटिन काढते आणि सकाळी आठला ते पुन्हा ताजं करते. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजी अशा चार भाषांत. धोक्याच्या पाच पायऱ्या. १ म्हणजे कमी, ५ म्हणजे अति. ही पायऱ्यांची पद्धत १९९३ पासून सगळ्या युरोपात एकच आहे, त्यामुळे फ्रान्समधला तीन नंबर आणि ऑस्ट्रियातला तीन नंबर वेगळा नाही. पण नुसता आकडा देऊन ते थांबत नाहीत. "अमुक भागात, २,४०० मीटरच्या वर, उत्तर आणि पूर्वेच्या उतारांवर, वाऱ्यानं साठलेला बर्फ, एका माणसाच्या वजनानंही सुटू शकतो" इतकं स्पष्ट असतं. वसंतात तर सकाळी धोका किती आणि दिवस चढेल तसा किती वाढेल हेही सांगतात.

ही माहिती कुठून येते? दीडशेहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत, ती आहेतच. पण त्याशिवाय सुमारे २०० निरीक्षक आहेत. आपापल्या भागात राहणारी माणसं. बर्फ किती पडला, किती मऊ, कुठं काय सुटलं, हे बघून कळवतात. हे वाचून मला आपल्या वरच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं आठवली. पावसात कुठला ओढा किती वेळात भरतो हे ज्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येतं, ती माणसं.

अजून एक. तिथं सगळ्यात जास्त माणसं कितव्या पायरीवर मरतात असं वाटतं? मला वाटलं पाचव्या. तसं नाही. जवळपास निम्मे मृत्यू तिसऱ्या पायरीवर होतात. चार-पाच असताना लोक घरी बसतात. तीन म्हटलं की पाचातला मधला आकडा, म्हणजे ठीक असणार असं वाटतं. प्रत्यक्षात तीन म्हणजे चांगलाच धोका. आणि जे हिमस्खलनात सापडतात त्यातल्या बहुतेकांनी ते स्वतःच, नाहीतर त्यांच्या सोबत्यानं सोडवलेलं असतं. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर जगण्याची शक्यता खूप असते, अर्ध्या तासानंतर फारच कमी. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही. वाचवणार ते बरोबरचेच. म्हणून प्रत्येकाकडे सिग्नल पाठवणारं यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडं पाहिजे. तिन्ही वस्तू, प्रत्येकाकडे.

"ते श्रीमंत देश आहेत, त्यांना जमतं," असं कोणीतरी म्हणणारच. तर त्यांना हे शहाणपण जन्मतः आलेलं नाही. १९५०-५१ च्या एकाच हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनानं ९८ माणसं गेली. आणि बंदी? तीही त्यांनी करून बघितली. ती गोष्ट सांगतो.

झरमाट ते व्हेर्बिए अशी एक स्पर्धा आहे, पात्रूय दे ग्लासिए. स्विस लष्कर घेतं. तिघांचा गट, साडेसत्तावन किलोमीटर, चार हजार मीटरहून जास्त चढ, हिमनद्यांवरून, रात्री सुरुवात. पहिली झाली १९४३ मध्ये. १९४९ मध्ये तिघांचा एक अख्खा गट हिमनदीच्या भेगेत पडून मेला. सरकारनं स्पर्धेवर बंदी घातली. बंदी किती वर्षं टिकली? स्पर्धा पुन्हा झाली थेट १९८४ मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षं.

त्या पस्तीस वर्षांत त्या डोंगरांत जायचं लोक थांबले का? नाही. त्याच भागातून शामोनी ते झरमाट अशी जगप्रसिद्ध ओट रूट जाते, सहा-सात दिवसांची. लोक जातच राहिले. शेवटी स्पर्धा पुन्हा चालू झाली ती नियम घेऊन. हिमनदीवर तिघांनी दोरानं बांधून घ्यायचं. सिग्नलचं यंत्र सक्तीचं. ठरलेल्या वेळेत टप्पा गाठला नाही तर पुढं सोडत नाहीत. हवा बिघडली तर लष्कर स्पर्धा थांबवतं आणि थांबवलेलीही आहे. पस्तीस वर्षांच्या बंदीतून जे साधलं नाही ते घड्याळ, दोर आणि यंत्रानं बऱ्यापैकी साधलं.

मी तिकडचं गोडवे गातोय असं वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. एप्रिल २०१८ च्या शेवटी याच ओट रूटवर, पिन्ये दारोला या शिखराजवळ, चौदा जण वादळात सापडले. धुकं, वारा, वाट दिसेना. रात्र उघड्यावर काढली. सात जण मेले, त्यात एका गटाचा वाटाड्यासुद्धा. निवारा त्यांच्यापासून फक्त काही शे मीटरवर होता. म्हणजे सगळी सोय असूनही माणसं मरतात. स्वित्झर्लंडमध्ये आजही दर वर्षी सरासरी वीसेक लोक हिमस्खलनात जातात. २००२ मध्ये एव्हरेस्टच्या हॉर्नबाइन घळीतून स्नोबोर्डवर उतरायला गेलेला मार्को सिफ्रेदी पुन्हा दिसलाच नाही, २३ वर्षांचा होता. २०१८ मध्ये ल्होत्से स्कीवरून उतरलेली हिलरी नेल्सन २०२२ मध्ये मनास्लूवर गेली. असे उतार उतरणाऱ्यांचा धोका कुठल्याही बुलेटिननं शून्य होणार नाही आणि तो त्यांनाही माहीत असतो.

पण फरक कुठं पडतो? गेल्या काही दशकांत तिथं स्की टूरिंगला जाणारे कित्येक पटींनी वाढले. मृत्यू त्या पटीत वाढले नाहीत. आणि अपघात झाला की तो लिहून ठेवतात. किती वाजता, कुठल्या उतारावर, किती अंश, बुलेटिन काय होतं, गटात किती जण, किती वेळात बाहेर काढलं. "अतिउत्साह नडला" एवढं लिहून फाइल बंद करत नाहीत.

आपल्या देशाचंही बघू. गुलमर्गचा गोंडोला अफरवट डोंगरावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. तिथून हद्दीच्या बाहेरचे उतार हाकेच्या अंतरावर. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला सराव करणारे लष्कराचे १७ जवान हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा शिखरावर गिर्यारोहण शिकणारे आणि शिकवणारे मिळून २९ जण गेले. आपल्याकडे यंत्रणाच नाही असंही नाही. चंदीगडची संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. गुलमर्गला स्वतःचं स्की पेट्रोल आहे. पण पुण्या-मुंबईहून, आपल्या नारायणगाव-जुन्नरमधून हौसेनं तिकडं जाणाऱ्या किती पोरांना हे माहीत असतं? जाणार असाल तर घेऊन जाणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. आजचा इशारा काय आहे? यंत्र, काठी, फावडं प्रत्येकाला देणार का आणि वापरायला शिकवणार का? आणि परत फिरायची वेळ किती वाजताची ठरवलीय? तिसऱ्या प्रश्नावर जो हसेल त्याच्याबरोबर जाऊ नका.

आता घरी येऊ.

जूनअखेर झाली की काय होतं ते आपण सगळे बघतो. कुठंतरी माणसं वाहून जातात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. अमुक धबधबे, तमुक किल्ले, घाट, धरणं बंद. पोलीस उभे राहतात. आम्ही बातमी करतो, "पर्यटनस्थळांवर बंदी, उल्लंघन केल्यास कारवाई." ऑगस्टमध्ये सगळं ढिलं पडतं. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

प्रशासनाला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. शनिवार-रविवारी नाणेघाटात, माळशेजला जी झुंबड उडते ती आवरायला माणसं किती आहेत हे मला माहीत आहे. दोन दिवस बंद ठेवणं कधी कधी गरजेचंच असतं. जोराच्या पावसात तर नक्कीच. पण हंगामभराच्या सरसकट बंदीनं नक्की काय होतं ते बघा. खिरेश्वरचा, घाटघरचा जो माणूस वाटाड्या म्हणून जातो, ज्याच्या घरी पिठलं-भाकरी मिळते, तो बंदीच्या दिवशी घरी बसतो. बाहेरून येणारा पोरगा मात्र येतोच. पोलीस असतात म्हणून पहाटे येतो, आडवाटेनं जातो, एकटा जातो, कोणाला सांगत नाही. ज्याला ओढा कळतो त्याला आपण बाजूला बसवलं, आणि ज्याला कळत नाही त्याला न विचारता आत सोडलं.

आणि आमच्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे. हे लिहायला जरा जड जातंय.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातला एक कॉलेजचा मुलगा ओढा ओलांडताना वाहून गेला. संध्याकाळी पोलीस ठाण्यातून माहिती आली, मी बातमी केली. चार वाक्यं. त्यातलं एक, "अतिउत्साहात ओढ्यात उतरल्याने". पंधरा दिवसांनी त्याचे वडील ऑफिसात आले. हातात ते कात्रण. भांडायला आले नव्हते. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "साहेब, अतिउत्साहात म्हणून लिवलंय. तुम्हाला कोणी सांगितलं? तो लई भित्रा होता वो. पोहायला पण येत नव्हतं त्याला, पाण्याजवळ जायचा नाही."

मी म्हणालो, "काका, पोलिसांच्या माहितीत तसं होतं." खरं तर तसंही नव्हतं. ते शब्द माझेच होते. सवयीनं आले होते.

मग त्यांनी विचारलं, "पाणी किती वाजता वाढलं? जाताना किती होतं? वर पाऊस झाला होता का?" मला काहीच माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की सकाळी जाताना तो ओढा घोट्याएवढा होता. खाली ऊन होतं. वर घाटमाथ्यावर दुपारी दोन तास पाऊस कोसळला. परत येताना पोरांनी तोच ओढा, तीच जागा धरली. वरच्या वस्तीतल्या एका आजीनं मला सांगितलं, "त्या ओढ्याचं पाणी दीड तासात येतं आणि दोन तासात उतरतं. पोरं थांबली असती झाडाखाली तर काय झालं असतं?" हे आजीला माहीत होतं. त्या पोरांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि ते मी छापलंही नाही, कारण तोवर बातमी शिळी झाली होती.

पुढच्या पावसाळ्यात त्याच ओढ्यावर आणखी कोणी फसलं असतं तर ती जबाबदारी कोणाची होती? थोडी माझीही.

दावोसचं बुलेटिन वाचताना मला ही आजीच आठवत होती. उंची, दिशा, वेळ, किती तासांत काय बदलतं. ती तेच सांगत होती. तिकडं तिच्यासारख्याचं म्हणणं संध्याकाळी पाचला चार भाषांत निघतं. आपल्याकडं ते तिच्या ओट्यावरच राहतं.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात.

एक. हंगामभराची सरसकट बंदी नको. कुठली जागा, कुठल्या दिवशी, किती वाजेपर्यंत, हे सांगून बंद करा. हवामान खातं पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे रोज गोळा होतात. यात वरच्या गावांतल्या माणसांचं रोजचं निरीक्षण जोडा आणि तालुक्याचं एक पानभर बुलेटिन रोज संध्याकाळी मराठीत काढा. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. ही निरीक्षणं देणाऱ्यांना थोडंफार मानधन मात्र द्या, फुकट नको.

दोन. यलो अलर्ट म्हणजे "चालतंय" नाही हे शाळा-कॉलेजात शिकवा. तिकडं तिसऱ्या पायरीवर जे होतं तेच आपल्याकडं पिवळ्या रंगाला होत असणार, असा माझा अंदाज आहे.

तीन. प्रत्येक अपघाताची दोन पानांची लेखी नोंद ठेवा आणि ती लोकांना वाचायला द्या. मेलेल्याला दोषी ठरवायला नाही, पुढचा वाचावा म्हणून. शोधकार्याला रात्री-अपरात्री धावून जाणारी आपल्या ट्रेकिंग क्लबांची पोरं आहेत, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचं जाळं आहे. त्यांना सगळ्यात आधी विचारा, त्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलेलं असतं.

चार. ट्रेक घेऊन जाणाऱ्यांनी परत फिरायची वेळ निघण्याआधीच जाहीर करावी. आणि वेळ झाली म्हणून जो गट माथा न गाठता परत आला त्याला पोस्टखाली चिडवू नका. बार्गिएल एव्हरेस्टवरून दोनदा परत आला होता.

हे सगळं सरकार कधी करेल ते करेल. मी माझ्यापुरतं ठरवलंय. जूनच्या पहिल्या शुक्रवारपासून दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता याच पेजवर आपल्या तालुक्यातल्या डोंगरवाटांची माहिती टाकणार. घाटमाथ्यावर पाऊस किती झाला, कुठले ओढे किती भरलेत, कुठली वाट निसरडी, कुठून लांब राहायचं. सुरुवातीला चुका होतील, त्या लगेच दुरुस्त करू. वरच्या पाच गावांतल्या माणसांशी बोलणं झालंय, दोन माध्यमिक शिक्षक आणि एक निवृत्त वनरक्षकही तयार आहेत. अजून माणसं हवी आहेत. घाटघर, आंबोली, खिरेश्वर, हातवीज या बाजूचं कोणी असेल, किंवा ओळखीचं असेल, तर मेसेज करा. फक्त सकाळ-संध्याकाळ ओढ्याकडं बघून दोन ओळी लिहायच्या आहेत.

आणि "अतिउत्साहात" हा शब्द मी बातमीत लिहायचा बंद केलाय. कुठं सवयीनं दिसलाच तर खाली कॉमेंटमध्ये मला झापायचं, पूर्ण परवानगी.